आधी घरात सांगा, मग भावाला

पत्र

माझे वय ४१ आहे आणि मी नोकरी करते. आई गेली तेव्हा मी १९ वर्षांची होते आणि माझा भाऊ ११ वर्षांचा. त्याचा अभ्यास, आजारपण, कपडेलत्ते, सगळे मीच पाहिले. आता तो ३३ वर्षांचा आहे. गेली चार वर्षे तो माझ्याकडून पैसे घेतो आहे. कधी धंद्याला भांडवल, कधी थकलेले भाडे, कधी कोणाचे तरी देणे. दर वेळी म्हणतो, ‘ताई, एवढे शेवटचे.’ आधी बचतीतून दिले, मग मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदतठेव मोडली, गेल्या वर्षी माझ्या नावावर वैयक्तिक कर्ज काढले. क्रेडिट कार्डावर दीड महिन्याच्या पगाराएवढी थकबाकी आहे आणि मी दरमहा फक्त किमान रक्कम भरते. माझ्या यजमानांना यातले काहीच माहीत नाही. त्यांनी कधी हिशेब मागितला नाही, म्हणून अधिकच अपराधी वाटते. बँकेचा संदेश येईल या धास्तीने मी घरात फोन उपडा ठेवते. रात्री तीनला जाग येते आणि पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. कार्यालयातल्या तपासणीत रक्तदाब १४६/९४ निघाला. आता भाऊ नव्या कर्जासाठी मला जामीन राहायला सांगतो आहे आणि महिनाअखेरपर्यंत त्याला सही हवी आहे. नाते न तोडता त्याला नाही कसे म्हणू? हे मला कोणालाच सांगता येत नाही.

उत्तर

सप्रेम नमस्कार,

तुम्ही भावाविषयी विचारले आहे, पण तुमचे पत्र मी जितक्या वेळा वाचले तितक्या वेळा थांबले ती फोनच्या वाक्यापाशी. दिवसभराचे काम संपवून माणूस स्वतःच्या घरी येतो आणि हातातला फोन टेबलावर ठेवताना त्याची स्क्रीन खाली करतो. ही एवढीशी हालचाल तुम्ही रोज किती वेळा करत असाल आणि किती दिवसांपासून करत आला असाल, या विचाराने मला फार वाईट वाटले. भावाला काय सांगायचे ते मी पुढे लिहिले आहेच. परंतु माझे स्पष्ट मत असे आहे की त्याला नाही म्हणण्याचे बळ तुम्हाला यजमानांशी बोलल्यानंतरच येईल. आजवर तुम्ही दर वेळी ‘हो’ म्हणत आलात, त्याचे एक कारण असेही असावे की ‘नाही’ म्हटल्यावर जो आरडाओरडा होईल तो घरात ऐकू जाईल आणि मग सगळेच उघडे पडेल, ही भीती. ज्याच्याविषयी घरात उघड बोलता येत नाही, त्या गोष्टीला ठाम नकारही देता येत नाही.

त्याआधी एक तातडीची गोष्ट. जामिनाच्या कागदावर सही करू नका. जामीन राहणे म्हणजे भावाच्या चांगुलपणाची साक्ष देणे, अशी समजूत पुष्कळ जणांची असते आणि मागणाराही ते तशाच सुरात मागतो. प्रत्यक्षात कर्जदाराने हप्ते थकवले की कर्ज देणारी संस्था मुद्दल, व्याज आणि दंड हे सगळे जामीनदाराकडे मागू शकते, आणि आधी कर्जदाराकडून वसुलीचे सगळे उपाय संपवले पाहिजेत अशी अट पुष्कळ करारांत नसतेच. कर्जाचा पैसा जामीनदाराच्या हाती येत नाही, हप्ते वेळेवर जातात की नाही यावर त्याचा ताबा नसतो, आणि मध्येच अंग काढून घ्यायचे म्हटले तर बहुधा त्या संस्थेची संमती लागते. उसने पैसे देताना निदान आकडा ठरलेला असतो आणि बुडाले तरी तेवढेच बुडतात. जामीन राहिल्यावर तुमचे किती जाईल हे दुसऱ्याच्या वागण्यावर अवलंबून राहते. तेव्हा भावाला आजच एवढे कळवा: ‘मी सही करणार नाही. बाकीचे आपण भेटून सविस्तर बोलू.’ कारण देऊ नका. कारण दिले की त्याचे उत्तर त्याच्यापाशी तयार असते, आणि चार वर्षांत त्या उत्तरांपुढे तुम्ही नेहमी नमते घेत आला आहात.

आता त्या रात्रीच्या तीन वाजण्याविषयी. झोप पैशांच्या काळजीने उडते, असे तुम्हाला वाटत असेल. काळजी खरीच आहे, पण मला वाटते की देण्यापेक्षा लपवणे तुम्हाला अधिक जागवते. कोलंबिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ मायकेल स्लेपियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये गुपितांविषयीचे एक संशोधन प्रसिद्ध केले. समोरच्या माणसापासून गुपित प्रत्यक्ष लपवावे लागते असे प्रसंग तुलनेने थोडे असतात, आणि एकटे असताना मन आपणहून त्या गुपिताकडे वळते असे प्रसंग त्याहून अधिक असतात, असे त्यांना आढळले. मनःस्वास्थ्य खालावण्याशी संबंध दिसला तोही या दुसऱ्या प्रकाराचा. तुमच्या रात्री हेच चालले आहे. यजमान शेजारी झोपलेले असतात, त्यांनी काही विचारलेले नसते, लपवण्याजोगे त्या घटकेला काही घडत नसते, आणि तरीही तुम्ही त्यांच्या संभाव्य प्रश्नांची उत्तरे मनात जुळवत पडून असता. झाकली मूठ सव्वा लाखाची असे आपण म्हणतो, पण तुम्ही मुठीत धरले आहे ते दरमहा वाढणारे व्याज आहे. मूठ जितकी उशिरा उघडाल तितकी आतली रक्कम मोठी झालेली असेल.

यजमानांशी बोलण्याआधी एक संध्याकाळ हिशेबाला द्या. एका कागदावर तारीख, रक्कम, भावाने सांगितलेले कारण आणि परत आलेले पैसे असे ओळीने लिहीत जा. आठवणीवर विसंबू नका. बँकेचे खातेउतारे समोर ठेवून लिहा, कारण असे आकडे मनात एक तर फुगतात किंवा आकसतात. मोडलेली मुदतठेव, कर्जाची उरलेली मुद्दल आणि उरलेले हप्ते, कार्डाची आजची थकबाकी, हे सगळे त्यात यायला हवे. बेरीज करताना एखाद्या ओळीवर हात थांबेल. ती ओळ कदाचित मुलीच्या ठेवीची असेल. थोडा वेळ थांबा, पण बेरीज पुरी करूनच उठा. हे मी इतके आग्रहाने सांगते आहे, कारण या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक गोष्ट मी वारंवार वाचली आहे: माणूस धीर करून निम्मे सांगतो, उरलेले निम्मे समोरच्याला महिन्याभराने कुठूनतरी कळते, आणि विश्वासाला खरा तडा जातो तो त्या दुसऱ्या दिवशी. सांगायचे तर एकदाच आणि पूर्ण सांगा.

कधी आणि कसे सांगायचे? झोपण्याच्या वेळी नको, यजमान बाहेर पडण्याच्या घाईत असताना नको, मुलगी घरात असताना नको. मोकळे दोन तास मिळतील अशी वेळ निवडा आणि सुरुवातीच्या चार-पाच वाक्यांची आधी तयारी करा. सिबिल कॅरेर आणि जॉन गॉटमन यांनी १९९९ मध्ये १२४ नवविवाहित जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मतभेदाच्या विषयावर ही जोडपी बोलत असताना पहिल्या तीन मिनिटांत सूर कसा लागतो, यावरूनही पुढे संसार टिकेल की नाही याचा अंदाज बांधता येत होता. तुमचे लग्न मुरलेले आहे आणि तो अभ्यास नव्या जोडप्यांचा होता, हे मला मान्य आहे; तरीही सुरुवात कशी होते याला महत्त्व आहेच. तुम्ही असे म्हणू शकाल: ‘मला तुमच्याशी पैशांबद्दल बोलायचे आहे. चार वर्षे मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली आहे. लपवले ही चूक माझी आहे. सगळा हिशेब या कागदावर आहे, आणि आपण तो मिळून पाहावा असे मला वाटते.’ भावाची हलाखी, आईच्या आठवणी, तुमची धावपळ हे सगळे खरे असले तरी पहिल्या वाक्यांत आणू नका. समोरच्याच्या कानाला ते समर्थन वाटते, आणि समर्थन ऐकायला लागले की माणूस कबुली ऐकत नाही.

यजमानांना राग येईल. बहुधा रकमेचा राग लवकर ओसरेल आणि ‘मला का सांगितले नाहीस’ हा प्रश्न मागे उरेल. त्या प्रश्नाला खरे उत्तर द्या, ते कितीही ओबडधोबड असले तरी. ‘तुम्ही माझ्या भावाला नावे ठेवाल असे वाटले’ हे खरे असेल तर तेच सांगा. त्यानंतर ते दोन-चार दिवस अबोल राहिले तर ‘मला माफ केलेत ना’ असे विचारत त्यांच्या मागे लागू नका. चार वर्षांची गोष्ट पचायला त्यांना चार दिवस तरी हवेत. मात्र एक गोष्ट त्याच दिवशी देऊ करा: इथून पुढे खाती आणि कार्डाचे बिल दर महिन्याला दोघांनी शेजारी बसून पाहायचे. तुमच्या पत्रात यजमानांच्या रागाचे कुठेही भय दिसत नाही, उलट त्यांच्या विश्वासाचा तुम्हाला संकोच वाटतो आहे, म्हणून मी हा मार्ग निर्धास्तपणे सुचवते आहे. ज्या घरात राग हातघाईवर येतो तिथे मी आधी समुपदेशकाकडे जायला सांगितले असते, आणि हे पत्र वाचणाऱ्या अशा कोणी असतील तर त्यांनी ते ध्यानात घ्यावे.

कार्डाच्या थकबाकीचे गणित समजून घ्या, कारण तुमचा सर्वांत महाग पैसा तिथे आहे. तुमचा नेमका व्याजदर बिलावर छापलेला असेल. समजा तो दरमहा ३ टक्के आहे. ऐकायला हे वर्षाचे ३६ टक्के वाटतात, पण व्याजावर व्याज चढत गेल्याने १०० चे वर्षभरात जवळजवळ १४२.६ होतात आणि दोन वर्षांत दुपटीहून किंचित जास्त. किमान रक्कम थकबाकीच्या ५ टक्के धरली तर तुम्ही भरता त्यातला मोठा वाटा व्याजातच जिरतो. कार्डावर नवा खर्च अजिबात केला नाही तरी थकबाकी निम्म्यावर यायला सुमारे ३२ महिने लागतात. पुरती फिटायला नव्हे, फक्त निम्मी व्हायला. याउलट आजच्या थकबाकीचा दहावा भाग ही रक्कम ठरवून घेतली आणि बिल कमी होत गेले तरी दरमहा तेवढीच भरत राहिलात, तर त्याच व्याजदराने सगळे देणे साधारण वर्षभरात फिटते. तुमची थकबाकी दीड महिन्याच्या पगाराएवढी आहे, म्हणजे दरमहा पगाराच्या १५ टक्के. आज तुम्ही भरत असाल त्याच्या ही सुमारे दुप्पट रक्कम आहे. कुठून आणायची, असे तुम्ही विचाराल. गेल्या वर्षभरात भावाला दरमहा सरासरी किती गेले ते तुमच्या कागदावर लिहिलेले असेल. पुष्कळदा तेवढ्याच पैशांत हे भागते.

कार्ड वापरणे मात्र पूर्ण थांबवा आणि बँकेकडे दोन गोष्टींची चौकशी करा: ही थकबाकी कमी व्याजाच्या ठरलेल्या हप्त्यांत बदलून मिळेल का, आणि वैयक्तिक कर्ज मुदतीआधी फेडल्यास शुल्क किती लागेल. वैयक्तिक कर्जाचा हप्ता नेमाने भरत राहा, पण जास्तीचा पैसा हाती आला तर तो आधी कार्डावर घाला. घरात कुठे बचत पडून असेल तर महिन्या-दोन महिन्यांच्या खर्चापुरती बाजूला ठेवून उरलेली कार्डासाठी वापरावी, असे मी सुचवीन. साध्या ठेवीवर मिळणारे व्याज कार्डाच्या व्याजाच्या जवळपासही जात नाही. अर्थात हा निर्णय दोघांनी मिळून घ्या. मुलीची ठेव पुन्हा सुरू करायची ओढ तुम्हाला सर्वांत जास्त असणार, हे मी समजू शकते. कार्ड फिटेपर्यंत ती थांबू द्या.

आता भावाकडे येते. तुम्ही १९ वर्षांच्या होता तेव्हा तुम्ही स्वतःसुद्धा नुकतीच आई गमावलेली मुलगी होता. त्या वयात तुम्ही एका ११ वर्षांच्या मुलाची आई झालात, आणि ते तुम्ही नीट पार पाडले. त्याचा अभिमान बाळगा. परंतु त्या दिवसांत प्रेम आणि पुरवणे या दोन गोष्टी तुमच्या मनात इतक्या एकजीव झाल्या की पुरवणे थांबवले तर प्रेम थांबवल्यासारखे होईल, असे तुम्हाला आजही वाटते. ‘व्यवहार व्यवहाराच्या जागी आणि नाते नात्याच्या जागी’ हा सल्ला तुम्हाला कोणीही देईल. मला तो अपुरा वाटतो, कारण तुम्हा भावंडांचे नाते घडलेच तुमच्या देण्यातून. तेव्हा देणे बंद करा एवढेच सांगून मी थांबणार नाही. पैशांच्या ऐवजी काय द्यायचे, तेही ठरवा. त्याच्या सगळ्या देण्यांची यादी करायला त्याच्याबरोबर बसा. कर्ज देणाऱ्यांकडे हप्ते लांबवून मागायला तो जाणार असेल तर सोबत जा. नोकरीसाठी अर्ज लिहायचा असेल तर मदत करा. पैसे न देताही या प्रत्येक गोष्टीत तुम्ही त्याच्या पाठीशी असाल, आणि त्याच्या अडचणीचे ओझे मात्र प्रथमच त्याच्या स्वतःच्या हातात राहील. आजवर दर वेळी तुम्ही पैसे भरलेत, त्यामुळे आपल्या धंद्याला खरोखर किती खोट आली आहे हे त्याला कधी पुरते दिसलेच नाही.

त्याच्याशी समोरासमोर आणि दिवसाउजेडी बोला, रात्री फोनवर नको. वाक्य लहान ठेवा: ‘मी यापुढे पैसे देणार नाही आणि जामीनही राहणार नाही. तुझी घडी बसवायला दुसरी कोणतीही मदत लागली तर मी आहे.’ ‘ह्यांना आवडत नाही’ असे म्हणून यजमानांच्या आड उभ्या राहू नका. तो क्षण सोपा जाईल, पण भावाच्या मनात त्याचे भावोजी कायमचे खलनायक होतील आणि पुढची कित्येक वर्षे दोघांच्या मधोमध तुम्ही उभ्या राहाल. निर्णय तुमचा आहे, तुमच्याच तोंडून जाऊ द्या.

तो चिडेल, ‘तू बदललीस’ म्हणेल, आणि मला धास्ती वाटते ती पुढच्या वाक्याची, ‘आई असती तर’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या. आई असती तर काय म्हणाली असती हे त्याला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही, त्यामुळे त्या वादात उतरू नका. ‘तिची आठवण मलाही येते. पैसे मात्र मी देणार नाही.’ एवढेच म्हणा, आणि गरज पडेल तितक्या वेळा याच शब्दांत म्हणा. त्यानंतर काही दिवस तो फोन करणार नाही. आठवड्याभराने तुम्हीच करा, पैशांचा विषय न काढता, तो कसा आहे एवढे विचारायला. तुमचा नकार पैशांपुरता आहे हे त्याला तुमच्या बोलण्यातून पटणार नाही, या फोनमधून कदाचित पटेल. त्या अबोल्यात त्याने जिवाचे काही बरेवाईट करून घेण्याची भाषा केली, तर ते दटावणीसाठी आहे असे समजून दुर्लक्ष करू नका आणि घाबरून पैसेही पाठवू नका. त्याला एकटे ठेवू नका, जवळच्या माणसांना तिथे पाठवा आणि डॉक्टरांची मदत तातडीने घ्या.

जुन्या देण्याचे काय करायचे, हे यजमानांशी बोलून ठरवा. एक तर ते सोडून द्या, आणि सोडलेत तर पुन्हा कधी उगाळू नका. नाहीतर त्याला झेपेल अशी लहान रक्कम दरमहा ठरलेल्या तारखेला परत घ्या. माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे. त्यातून तुमचे कर्ज फिटणार नाही, पण ३३ वर्षांच्या माणसाला बहिणीचे देणे फेडल्याचा ताठपणा मिळेल. पुढे कधी खरोखरीची अडचण आली आणि मदत करावी असे दोघांनाही वाटले, तर जमेल तेवढे देऊन टाका, परतीची अपेक्षा न ठेवता, आणि रोख हातात न देता थेट घरमालकाकडे किंवा रुग्णालयाकडे भरा.

हे थेट भरण्याचे सुचवण्यामागे आणखी एक विचार आहे. तुमचा कागद तयार झाला की त्यातल्या वेळा आणि कारणे एकदा नीट पाहा. मागण्या वारंवार आणि अवेळी येत असतील, कारणे दर वेळी बदलत असतील, पैसे गेले त्याची पावती कधीच दिसली नसेल, तर हा पैसा जुगारात किंवा ऑनलाइन बेटिंगमध्ये जात असण्याची शक्यता मनात धरायला हवी. एका पत्रावरून मी तसा निष्कर्ष काढणार नाही. तसे असेल तर मात्र तो केवळ बेफिकिरीचा प्रश्न राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात जुगाराच्या व्यसनाची नोंद विकार म्हणून आहे, त्यावर उपचार होतात, आणि घरच्यांनी गुपचूप देणी भागवणे त्या उपचारांच्या आड येते.

तुमच्या तब्येतीची गोष्ट मी शेवटी घेतली असली तरी ती आधीच्या सगळ्या बोलण्यांची वाट पाहत थांबायची नाही. एका मोजणीवरून उच्च रक्तदाबाचे निदान करत नाहीत. पण १४६/९४ हा आकडा १४०/९० च्या वर आहे, म्हणून याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. ते बहुधा घरी मोजून नोंद ठेवायला सांगतील. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी घेऊ नका, मग पाच मिनिटे पाठ टेकून आणि पावले जमिनीवर सपाट ठेवून शांत बसा, पट्टा उघड्या दंडावर बांधा, हात छातीच्या उंचीवर टेकवा, आणि मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. त्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. सकाळ-संध्याकाळ आठवडाभराच्या नोंदींची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर ती घरच्या मोजणीत वाढलेली मानतात. औषध हवे की नको ते डॉक्टर ठरवतील.

झोपेबद्दल एवढे लक्षात ठेवा की गाढ झोपेचा मोठा भाग रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात होऊन जातो आणि पहाटेकडची झोप मुळातच हलकी असते. तीनला नुसती जाग येणे हे त्यामुळे आजाराचे लक्षण ठरतेच असे नाही; जागेपणी हिशेब सुरू होतो, ते थांबवायचे आहे. घड्याळ पाहू नका. साधारण वीस मिनिटे झोप येत नाही असे वाटले तर उठून मंद उजेडात बसा आणि पेंग आल्यावरच परत अंथरुणावर जा. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेली ही पद्धत निद्रानाशाच्या उपचारांत आजही वापरतात. रात्री झोपण्याआधी पाच मिनिटे उद्याच्या कामांची यादी लिहा. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पुढची कामे लिहून काढणाऱ्यांना झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली. नऊ मिनिटे थोडी वाटतील, पण डोक्यातले कागदावर उतरवण्याची तुम्हाला आता तशीही गरज आहे. आठवड्यात तीन किंवा अधिक रात्री असे होत असेल आणि तीन महिने उलटून गेले असतील, तर त्याच भेटीत डॉक्टरांना निद्रानाशासाठीच्या वर्तनोपचाराबद्दल विचारा. गोळ्यांच्या आधी तो द्यावा, अशी शिफारस अमेरिकेतील फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये केली आहे.

एक शेवटचे. हे कोणालाच सांगता येत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. पण तुम्ही मला लिहिलेल्या पत्रात चार वर्षांचा घटनाक्रम आहे, मुदतठेव आहे, कर्ज आहे, कार्ड आहे, आणि यजमानांनी कधी हिशेब मागितला नाही याची तुम्हाला वाटणारी टोचणीही आहे. त्यांना जे कळायला हवे ते सगळे त्यात आले आहे. ठरवलेल्या दिवशी समोर बसल्यावर शब्द फुटला नाही, तर त्या पत्राची प्रत हिशेबाच्या कागदावर ठेवा, दोन्ही त्यांच्या हातात द्या, आणि ते वाचून होईपर्यंत तिथेच बसून राहा.